सतरा ‘ब’चे काय झाले? : पृथ्वीराज चव्हाण यांना दिंडोशीहून खुले पत्र

माननीय पृथ्वीराज चव्हाण यांस,


२५ ऑगस्ट २०१० हा दिवस आपल्या लक्षात असेल. अणुदुर्घटनेच्या नुकसानभरपाईचे विधेयक त्या दिवशी लोकसभेत मंजूर झाले. पंतप्रधान कार्यालयाचे राज्यमंत्री म्हणून ते मांडण्याचे आणि पार नेण्याचे काम आपल्याकडे होते. आधीच्या आठवडाभरात सगळे भांडण दोन शब्दांवर येऊन ठेपले होते. एक शब्द ‘आणि’, दुसरा ‘हेतू’. दोन्ही मसुद्यातून काढावे लागले, तेव्हा कुठे विधेयक पुढे सरकले. त्या भांडणातून जे कलम तावूनसुलाखून निघाले, ते सदोष भट्टी पुरवणाऱ्याला जबाबदार धरणारे कलम १७ (ब). डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ‘शांती’ हा नवा अणुकायदा मंजूर केला आणि त्यात १७ (ब) राहिले नाही. महाराष्ट्रात त्यावर जेवढे बोलले जायला हवे होते तेवढे बोलले गेले नाही. म्हणून हे पत्र.

मुंबईच्या दिंडोशीहून का, असे कोणीही विचारील. फिल्मसिटी रोडवर किंवा कुरार गावाच्या गल्ल्यांत एक फेरी मारली की उत्तर मिळते. संतोषनगर, पठाणवाडी, कुरार, नागरी निवारा इथे राजापूर, लांजा, देवगडची माणसे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. गणपतीत कित्येक घरांना कुलपे लागतात. गावच्या मंडळांची नावे चाळींच्या भिंतींवर रंगवलेली दिसतात. जैतापूरच्या नियोजित अणुवीज प्रकल्पाची बातमी इथे परराष्ट्र धोरणाच्या पानावरची बातमी नसते. कोणाच्या मामाची कलमे माडबनच्या सड्यावर होती, कोणाचे सासर साखरी नाट्याचे, कोणाचा चुलता आजही मुसाकाजीच्या बाजूला होडी घालतो. दिल्ली, पॅरिस, वॉशिंग्टन इथल्या सह्या या माणसांच्या सातबाऱ्यापर्यंत येऊन पोचतात.

शिवाय दिंडोशीला वीज लागते. मेट्रो, लिफ्ट, आयटी पार्क, नवे टॉवर यांना ती लागतेच, आणि ती कुठून तरी आणावी लागणार हे इथल्या माणसाला कळते. म्हणून हे पत्र अणुविजेच्या विरोधातले नाही. आपल्या सरकारने २००८ मध्ये अमेरिकेशी केलेला अणुकरार चुकीचा होता, असेही हे पत्र म्हणत नाही. भारताचे अणुक्षेत्रातले एकटेपण संपले पाहिजे, जगाच्या बाजारातून इंधन आणि तंत्रज्ञान मिळाले पाहिजे, ही भूमिका आपण संसदेत आणि संसदेबाहेर मांडलीत. त्या भूमिकेचे निम्मे यश नाकारता येणार नाही. उरलेल्या निम्म्याचा हिशेब मात्र अजून व्हायचा आहे.

आधी यशाचे. २००८-०९ मध्ये देशातल्या अणुवीज केंद्रांची क्षमता सव्वाचार हजार मेगावॉटच्या आतच होती, आणि तीही निम्मीच वापरली जात होती. कारण युरेनियम नव्हते. ६ सप्टेंबर २००८ रोजी व्हिएन्नात अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सवलत दिली. ३० सप्टेंबरला फ्रान्सशी करार झाला, १० ऑक्टोबरला अमेरिकेशी झालेल्या करारावर प्रणव मुखर्जी आणि कोंडोलीझा राइस यांच्या सह्या झाल्या. पुढे रशिया, कझाकस्तान, कॅनडा इथून इंधन येऊ लागले आणि उभ्या असलेल्या भट्ट्या पूर्ण ताकदीने चालू लागल्या. अणुशास्त्रज्ञ डॉ. अनिल काकोडकरांनी फेब्रुवारी २००६ मध्ये उघडपणे सांगितले होते की फास्ट ब्रीडर भट्ट्या आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली देता येणार नाहीत. सरकारने ते ऐकले. २२ पैकी १४ भट्ट्या देखरेखीखाली गेल्या, ब्रीडर बाहेर राहिल्या. शास्त्रज्ञाने स्पष्ट बोलावे आणि सरकारने वाटाघाटीत त्याचा शब्द राखावा, असे आपल्याकडे फार वेळा घडत नाही.

आता उरलेल्या निम्म्याचे. अणुकरारानंतर परदेशी भट्ट्यांची रांग लागेल, असे तेव्हा सांगितले जात होते. आज भारतात नव्या परदेशी भट्ट्या चालतात त्या कुडनकुळमला, आणि त्यांचा मूळ करार १९८८ मध्ये सोव्हिएत संघाशी झालेला आहे. २००८ च्या करारातून अमेरिकेची एकही भट्टी उभी राहिली नाही. आंध्रातल्या कोव्वाडासाठी ठरलेली वेस्टिंगहाउस कंपनी मार्च २०१७ मध्ये दिवाळखोरीत गेली. फ्रान्सच्या भट्ट्यांसाठी जैतापूरजवळच्या माडबन, निवेली, करेल, मिठगवाणे या परिसरातली ९३८ हेक्टर जमीन घेतली गेली आणि तिथे अजून एकही भट्टी नाही.

या सगळ्याचा दोष परदेशी कंपन्या एकाच कलमावर ठेवत आल्या. तेच १७ (ब).

तारापूर आठवले की हे कलम का हवे होते ते लवकर समजते. मालाडहून बोरिवली, विरार आणि पुढे डहाणू लोकलने बोईसरला उतरले की तारापूर हाकेच्या अंतरावर. ८ ऑगस्ट १९६३ च्या भारत-अमेरिका करारातून तिथल्या पहिल्या दोन भट्ट्या उभ्या राहिल्या आणि १९६९ मध्ये वीज देऊ लागल्या. भट्ट्या जनरल इलेक्ट्रिकच्या. तीस वर्षे इंधन पुरवण्याचे वचन अमेरिकेचे. १९७४ मध्ये पोखरणला स्फोट झाला, १९७८ मध्ये अमेरिकेने स्वतःचा देशांतर्गत कायदा बदलला आणि वचन अडकले. सप्टेंबर १९८० मध्ये तारापूरला इंधन पाठवायचे की नाही यावर अमेरिकी सिनेटमध्ये मतदान झाले, तेव्हा भारताच्या बाजूने ४८ आणि विरोधात ४६ मते पडली. मुंबईच्या उपनगरांतले दिवे दोन मतांच्या फरकाने वॉशिंग्टनमध्ये तरले. १९८२ मध्ये फ्रान्सने ती जबाबदारी घेतली, पुढे चीन आणि रशिया यांच्याकडूनही इंधन घ्यावे लागले. वापरलेले इंधन अमेरिकेने परत नेले नाही, त्यावर पुनर्प्रक्रियाही करू दिली नाही. ते वर्षानुवर्षे तारापूरलाच साठवावे लागले. आंतरराष्ट्रीय करारात जे नेमके लिहून घेतलेले नसते ते अडचणीच्या दिवशी मिळत नाही, हे मुंबईच्या उत्तरेला शंभर किलोमीटरवर सिद्ध झालेले आहे.

दुसरा धडा भोपाळचा. ७ जून २०१० रोजी भोपाळ वायुदुर्घटनेचा फौजदारी निकाल लागला. हजारो माणसे मेली होती आणि शिक्षा झाली दोन वर्षांची. १९८९ च्या तडजोडीत कारखान्याच्या मालक कंपनीने ४७ कोटी डॉलर, म्हणजे तेव्हाचे सुमारे ७१५ कोटी रुपये देऊन हात झटकले होते. हा निकाल लागला तेव्हा आपले विधेयक संसदेपुढे होते. देश संतापलेला होता आणि तो संताप थेट विधेयकावर आला. ऑपरेटरच्या जबाबदारीची मर्यादा मूळ मसुद्यात ५०० कोटी होती, ती १,५०० कोटी झाली. भट्टी पुरवणाऱ्याला कधी जबाबदार धरायचे, हा प्रश्न मग ऐरणीवर आला.

तो आठवडा आपण आतून पाहिलात. भट्टी चालवणाऱ्या कंपनीने भरपाई दिल्यावर ती पुरवठादाराकडून वसूल करण्याचे तीन मार्ग मसुद्यात होते: (अ) तसे करारात लिहिलेले असेल तर, (ब) पुरवठादाराच्या चुकीमुळे अपघात झाला असेल तर, (क) एखाद्या व्यक्तीने हेतुपुरस्सर घडवला असेल तर. संसदीय समितीच्या अहवालात (अ) नंतर ‘आणि’ आला. त्याचा अर्थ असा होत होता की पुरवठादाराची चूक असली तरी करारात तसे लिहिले नसेल तर वसुली नाही. विरोधक उठले, ‘आणि’ गेला. मग सरकारच्या दुरुस्तीत (ब) मध्येच ‘हेतू’ शिरला, म्हणजे पुरवठादाराने मुद्दाम नुकसान करायचे ठरवले होते हे सिद्ध करा! भट्टी मुद्दाम बिघडवून कोण विकेल? तोही शब्द गेला. शेवटी जो (ब) उरला तो साधा आणि सरळ होता. पुरवलेल्या मालात उघड किंवा छुपा दोष असेल, सेवा निकृष्ट असेल, त्यातून अपघात झाला, तर पुरवठादाराकडून वसूल करता येईल.

आपल्या सरकारची त्या दिवसांतली घाई आणि तो ‘हेतू’ शब्द यांचे समर्थन करणे कठीण आहे. पण शेवटी सभागृहाचे ऐकून तो शब्द काढला गेला आणि तयार झालेला कायदा जगातल्या बहुतेक अणुदायित्व कायद्यांपेक्षा नागरिकाच्या जास्त बाजूने उभा राहिला. विधेयक मांडणाऱ्याचा त्या कायद्यावर हक्क असतो, तसे त्याचे देणेही असते.

नव्या कायद्यात मधला मार्ग वगळला गेला. करारात लिहिलेले असेल तर, किंवा कोणी हेतुपुरस्सर केले असेल तर, एवढेच दोन उरले. २०१० मध्ये शब्द घुसवून जे साधले नाही ते २०२५ मध्ये कलमच गाळून साधले. तेव्हा ज्या पक्षाने विरोधी बाकांवरून ‘हेतू’ला कडाडून विरोध केला, त्याच पक्षाच्या सरकारने हे केले, आणि ज्या पक्षाच्या सरकारने तो शब्द आणला होता, त्याचे खासदार या वेळी पुरवठादाराच्या जबाबदारीसाठी भांडले. आपल्याकडचे पक्ष अणुकरारांवर सत्तेत एक आणि विरोधात दुसरे बोलत आले आहेत. अणुकरारावरून आलेल्या २२ जुलै २००८ च्या विश्वासदर्शक ठरावावर २७५ विरुद्ध २५६ मते पडली, त्या २५६ मध्ये भाजप होता. सत्तेत आल्यावर २००८ चाच करार त्याने पुढे नेला. जैतापूरच्या विरोधात २०११ मध्ये शिवसेना कोकणात उतरली होती. नंतर ती राज्यात आणि केंद्रात सत्तेत बसली तेव्हा प्रकल्प कागदावर तसाच राहिला. साखरी नाट्याच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाने यातल्या कोणाच्या शब्दावर भरवसा ठेवायचा?

पुरवठादारांचा युक्तिवाद असा की जगभर अणुअपघाताची जबाबदारी एकट्या ऑपरेटरवर असते. भारताने वेगळे केले तर कोणी भट्टी विकणार नाही. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जबाबदारी एकाच ठिकाणी असली की नुकसानग्रस्ताला दारोदार फिरावे लागत नाही, आणि ही सोय १७ (ब) मुळे बिघडत नव्हती. नुकसानग्रस्ताला पैसे ऑपरेटरनेच द्यायचे होते. वसुलीचा प्रश्न त्यानंतरचा, ऑपरेटर आणि पुरवठादार यांच्यातला. भारतात ऑपरेटर म्हणजे आजवर न्यूक्लियर पॉवर कॉर्पोरेशन ही सरकारी कंपनी. म्हणजे पुरवठादार सुटला की भरतो तो करदाता. कुरार गावातला रिक्षावाला आणि कराडचा ऊस उत्पादक, दोघेही.

छुप्या दोषाची भीती काल्पनिक नाही. जैतापूरसाठी ठरलेल्या ‘ईपीआर’ भट्टीचाच दाखला घ्या. फ्रान्समधल्या फ्लामाँव्हिलला अशी भट्टी २००७ मध्ये बांधायला घेतली. २०१२ मध्ये ती सुरू व्हायची होती आणि खर्च ३.३ अब्ज युरो सांगितला होता. एप्रिल २०१५ मध्ये फ्रान्सच्याच अणुसुरक्षा प्राधिकरणाने जाहीर केले की भट्टीच्या पात्राच्या झाकणात आणि तळात पोलादातले कार्बनचे प्रमाण नको तितके जास्त आहे. पोलाद कारखान्यात ओतले गेले तेव्हाच तो दोष आत बसला होता आणि भट्टीचे पात्र जागेवर बसल्यानंतर तो उघड झाला. ही भट्टी वीज जाळ्याला जोडली गेली डिसेंबर २०२४ मध्ये, आणि खर्चाचा अंदाज १३ अब्ज युरोंच्या पुढे गेला. चीनमधल्या ताइशानची त्याच जातीची पहिली भट्टी इंधन कांड्यांच्या नुकसानीमुळे जुलै २०२१ मध्ये बंद करावी लागली आणि वर्षभराने परत चालू झाली. फ्रान्स आणि चीन हे अणुविजेत मुरलेले देश. त्यांच्या डोळ्यांदेखत हे घडते, तर माडबनला घडणार नाही याची हमी कोण देणार? नव्या कायद्याप्रमाणे, करारात लिहून घेतले नसेल तर कोणीच नाही.

फुकुशिमाची पहिली भट्टी जनरल इलेक्ट्रिकची होती, तारापूरसारखी उकळत्या पाण्याची. मार्च २०११ नंतर सगळे ओझे जपानच्या वीज कंपनीवर पडले आणि शेवटी जपानी सरकारला ती कंपनी ताब्यात घ्यावी लागली. भट्टी बनवणारे नामानिराळे राहिले. भारतातल्या मोठ्या प्रकल्पाच्या ऑपरेटरची मर्यादा नव्या कायद्यात ३,००० कोटी रुपये आहे. फुकुशिमाच्या भरपाईचे आकडे लाख लाख कोटी येनमध्ये मोजले जातात. ३,००० कोटी त्यापुढे किती पुरतील, हे आपल्यासारख्या इंजिनिअर असलेल्या माणसाला समजावून सांगायला नको.

दिंडोशीत सध्या दर तिसऱ्या गल्लीत पुनर्विकास चालू आहे. नव्या इमारतीत दुसऱ्याच पावसाळ्यात सातव्या मजल्यावरची ओल सहाव्याच्या छतावर उतरते, रंगाचे पोपडे पडतात, मुलांच्या दप्तरांना बुरशीचा वास येतो. सोसायटीचे सेक्रेटरी मोबाइलमधल्या फोटोंच्या प्रिंट आणि ताब्याची तारीख असलेले पत्र फायलीत लावून बिल्डरकडे जातात. त्यांच्या हातात ‘रेरा’ या स्थावर मालमत्ता कायद्याचे कलम १४ (३) असते. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत स्वखर्चाने तो दुरुस्त करायचा. करारात लिहिले असो वा नसो. बिल्डरने मुद्दाम केले का, असे तिथे कोणी विचारत नाही. छताच्या ओलीसाठी जे संरक्षण या देशाने सामान्य घरमालकाला २०१६ मध्ये दिले, ते १,६५० मेगावॉटच्या भट्टीसाठी साऱ्या देशाला का नसावे?

नागरी निवाऱ्याचा उल्लेख वर आला. मृणालताई गोरे, बाबुराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे भांडून सामान्य माणसांसाठी ही वसाहत उभी केली. मृणालताई एन्रॉनविरोधी आंदोलनातही होत्या. एन्रॉनचा तो वीजप्रकल्प रत्नागिरी जिल्ह्यातलाच, दाभोळचा. १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला. विजेचे दर डॉलरशी बांधलेले, देणी चुकू नयेत म्हणून सरकारी हमी, आणि कराराचा बराच भाग लोकांपासून दडवलेला. २००१ मध्ये ती वीज राज्याच्या वीज मंडळाला परवडेना, खरेदी थांबली आणि त्याच वर्षी एन्रॉन कंपनीच कोसळली. त्या व्यवहाराचे पैसे महाराष्ट्राने आणि देशाने पुढे कित्येक वर्षे फेडले. त्याच जिल्ह्यात, त्याच किनाऱ्यावर, त्याहून कितीतरी मोठा सौदा आता व्हायचा आहे. जैतापूरच्या विजेचा एका युनिटचा दर काय असेल, हे आजही कोणी छातीठोकपणे सांगत नाही. फ्रान्सच्या ईडीएफ कंपनीने एप्रिल २०२१ मध्ये आपला तांत्रिक-व्यापारी प्रस्ताव दिला, पण त्यातला दर लोकांपुढे आलेला नाही.

आपण मुख्यमंत्री झालात नोव्हेंबर २०१० मध्ये. त्याच महिन्यात जैतापूरला ३५ अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली आणि डिसेंबरच्या ६ तारखेला फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी दिल्लीत असताना चौकटीचा करार झाला. फेब्रुवारी २०११ मध्ये आपण त्या भागात जाऊन लोकांचे म्हणणे ऐकलेत. तिथे जाऊन ऐकणारे तसे थोडेच. एप्रिलमध्ये साखरी नाट्यात पोलिसांच्या गोळीबारात एक तरुण मच्छीमार मेला. सरकार आपले होते, म्हणून त्या मृत्यूचे ओझे आपल्यावरही आहे. २०१३ मध्ये जमिनीचा मोबदला हेक्टरी साडेबावीस लाख ठरला आणि अनेकांनी धनादेश घेतले. मच्छीमाराला मात्र सातबारा नसतो. भट्ट्यांचे कोमट पाणी समुद्रात सुटले तर मासळी किती लांब जाईल, या त्याच्या प्रश्नाला धनादेश हे उत्तर नव्हते.

आता मागणे. तीनच आहेत.

भारतात आंतरराष्ट्रीय करार संसदेच्या मंजुरीशिवाय होऊ शकतो. २००८ चा अणुकरार सभागृहात मताला आला तोही डाव्यांनी पाठिंबा काढल्यामुळे, विश्वासदर्शक ठरावाच्या निमित्ताने. म्हणून जैतापूरचा व्यापारी करार सहीपूर्वी संसदेच्या पटलावर ठेवावा, निदान युनिटचा दर आणि दोषांच्या जबाबदारीचे कलम एवढे तरी, अशी मागणी आपण जाहीरपणे करावी. नवा कायदा करारात वसुलीचे कलम घालायला मना करत नाही, उलट तोच एक रस्ता उघडा ठेवतो. तो रस्ता वापरला पाहिजे, हे १७ (ब) मांडणाऱ्या माणसाने म्हटले तर त्याला वजन आहे. महाराष्ट्राचे लोकसभेत ४८ खासदार आहेत. त्यांतल्या प्रत्येकाला आपण पत्र लिहा, पक्ष न पाहता. दिंडोशी ज्या मुंबई वायव्य मतदारसंघात येते तिथल्या खासदारांनाही.

आणि ऑगस्ट २०१० चा तो आठवडा लिहून काढा. ‘हेतू’ हा शब्द कोणाच्या सांगण्यावरून आला, बाहेरून कोणता दबाव होता, तो का काढावा लागला, पंतप्रधान कार्यालयात कोणते युक्तिवाद झाले, हे आतून पाहिलेले फार थोडे लोक आहेत. ते मराठीत लिहा. राजापूरच्या वाचनालयात आणि कुरारच्या चाळीत वाचले जाईल अशा मराठीत.

माडबनच्या सड्यावर जमीन घेऊन झाली आहे, कुंपण पडले आहे. हे पत्र लिहिताना भट्ट्यांच्या खरेदीचा शेवटचा करार झालेला नाही. तो होण्याआधी आपण बोलावे, ही विनंती.

आपला,
दिंडोशीचा एक रहिवासी